ऑक्टोबरमध्ये तो कुठे असतो?

अमेरिकेतल्या कॉलेजात एखादा मुलगा बास्केटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळत असला, की त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना फेब्रुवारीची काळजी लागते. बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि मार्चमधल्या कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट) स्पर्धेपर्यंत चालतो. संघ चांगला असला तर एप्रिलचा पहिला आठवडाही उजाडतो. बेसबॉलचा पहिला सामना मात्र फेब्रुवारीच्या मध्यावरच असतो. म्हणजे किमान महिनाभर दोन्ही संघांना तोच मुलगा हवा असतो. कोच समजूतदार असले तर मार्ग निघतो: बास्केटबॉल संपेपर्यंत तिकडे, मग इकडे. बेसबॉलचे १६-१८ सामने बुडतात, पण एकूण ५६ असतात, त्यामुळे कुणाला फार वाईट वाटत नाही.

या तडजोडीत बेसबॉलचं जे खरं नुकसान होतं ते फेब्रुवारीत दिसतच नाही. ते आधीच्या ऑक्टोबरमध्ये झालेलं असतं, आणि त्याही आधीच्या जूनमध्ये.

इथे विचार करायचा तो डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळांची सर्वोच्च पातळी) एका ठरावीक मुलाचा. उंची सहा फूट दोन-तीन इंच, बास्केटबॉलमध्ये गार्ड (चेंडू पुढे नेणारा), बेसबॉलमध्ये आउटफिल्डर (सीमेकडचा क्षेत्ररक्षक), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) किंवा पिचर (चेंडू टाकणारा). दोन्हीकडे चांगला, पण दोन्हीकडे 'हा हमखास वर जाणार' असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सात फुटी मुलाचा प्रश्न वेगळा, त्याला आपल्या सल्ल्याची गरज नाही. या मधल्या मुलाने बेसबॉलला प्राधान्य द्यावं, आणि ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूपासून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तो बॅटर असेल तर यात मला शंका नाही. पिचर असेल तर थोडी मोकळीक आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी ऑक्टोबर. बेसबॉल संघाचा शरद ऋतूतला सराव साधारण दीड महिन्याचा असतो, आणि त्याला 'फॉल बॉल' म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते संघातल्या संघात खेळलेले सामने वाटतात, पण पुढच्या वसंतात कोण शॉर्टस्टॉपला उभा राहणार, कोण शुक्रवारी, म्हणजे मालिकेच्या पहिल्या सामन्यात, पिच करणार, कोण बाकावर बसणार, हे तिथेच ठरतं. बॅटरला स्वतःच्याच संघातल्या ताशी ९० मैलांच्या पिचरसमोर रोज उभं राहायला मिळतं. कोच स्विंगमध्ये बदल करायला सांगतात तेही याच काळात, कारण हंगाम सुरू झाल्यावर स्विंगला हात लावणं म्हणजे धावत्या गाडीचं चाक बदलणं. बास्केटबॉलचा अधिकृत सराव पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, सुरू करता येतो. दोन्ही नेमके एकावर एक येतात. बास्केटबॉलला प्राधान्य देणारा मुलगा फॉल बॉल जवळपास पूर्ण गमावतो. मार्चमध्ये तो बेसबॉल संघात येतो तेव्हा त्याचा स्विंग गेल्या मे महिन्यातलाच असतो.

मग जून. कॉलेजच्या बॅटरसाठी उन्हाळा हीच मोठी परीक्षा असते. कॉलेजात धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये फक्त लाकडाची. धातूच्या बॅटने मुठीजवळ लागलेला चेंडूही कधीकधी जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जातो. लाकडाच्या बॅटने तोच फटका मारला तर बॅट तुटते आणि चेंडू पिचरच्या पायाशी घुटमळतो. मॅसॅच्युसेट्समधली केप कॉड लीग यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे दहा संघ, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ४० सामने, बॅटी लाकडाच्या आणि कुंपणामागे रडार गन घेतलेले स्काउट (व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणारे). बास्केटबॉल कोचला मात्र त्याच आठवड्यांत आपला गार्ड कॅम्पसवर हवा असतो, कारण उन्हाळ्यात आठ आठवडे मर्यादित सराव घ्यायला नियमाने परवानगी आहे. 'ऐच्छिक' हा शब्द तिथे कागदावरच असतो.

एकंदर हिशेब मांडला तर बॅटरचं किती जातं? बुडालेल्या १८ सामन्यांत दर सामन्याला चार वेळा धरले तरी सत्तरेक वेळा बॅटिंग गेली. फॉल बॉलमधली तेवढीच आणखी, आणि उन्हाळा बुडाला तर सव्वाशे-दीडशे. एका वर्षात जवळजवळ तीनशे वेळा प्लेटवर (बॅटरच्या जागी) उभं राहणं हुकतं. हे पुढे भरून काढता येत नाही. माउंड (पिचरचा उंचवटा) प्लेटपासून ६० फूट ६ इंच अंतरावर असतो, पिचरचा हात पुढे येऊन चेंडू सुटतो तो ५५ फुटांच्या आसपास, आणि ताशी ९० मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदांत येऊन पोचतो. त्यातला अर्धा वेळ चेंडू ओळखण्यात जातो: फास्टबॉल की स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू), आत की बाहेर, मारायचा की सोडायचा. ही ओळख जिममध्ये तयार होत नाही. पिचिंग मशीनवरही होत नाही, कारण मशीनला खांदा नसतो, मनगट नसतं, फसवायची इच्छा नसते. ती फक्त खऱ्या पिचरसमोर, शेकडो वेळा चुकून तयार होते. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नेटमध्ये थ्रोडाउन खेळणं आणि चौथ्या दिवशी रिव्हर्स स्विंग खेळणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

यावर दोन नावं हमखास पुढे केली जातात: टोनी ग्विन आणि केनी लॉफ्टन. दोघांनी कॉलेजात बास्केटबॉल गाजवला आणि दोघेही बेसबॉलमध्ये मोठे झाले. ग्विन सॅन डिएगो स्टेटचा पॉइंट गार्ड, तिथे त्याने असिस्टचा (साथीदाराला बास्केट करून देणारा पास) विक्रम केला. १९८१ मध्ये सॅन डिएगो पाद्रेसने त्याला बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) तिसऱ्या फेरीत घेतलं आणि सॅन डिएगो क्लिपर्सने बास्केटबॉलच्या दहाव्या फेरीत. त्याने बेसबॉल निवडला, ३,१४१ हिट्स केल्या, आठ वेळा लीगमधली सर्वोत्तम सरासरी (हिट्स भागिले बॅटिंगच्या संधी) काढली, आणि कारकिर्दीची सरासरी ०.३३८ ठेवली. लॉफ्टन १९८८ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) खेळला. कॉलेजात बेसबॉलचे त्याचे जेमतेम पाच सामने झाले, त्यात तो एकदाच बॅटिंगला उभा राहिला. तरीही ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला सतराव्या फेरीत घेतलं आणि पुढे त्याच्या नावावर ६२२ चोरलेले बेस (फटक्याविना पळून गाठलेले) जमा झाले.

मग आजच्या मुलाला दोन्ही का जमू नये?

ग्विनबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. चेंडूला बॅट लावण्यात त्याच्या तोडीचे बॅटर शंभर वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतके झाले. अशा माणसावरून इतरांसाठी नियम काढायचा नसतो. लॉफ्टनचं उदाहरण मात्र नीट पाहायला हवं, कारण ज्या व्यवस्थेने त्याला घेतलं ती व्यवस्थाच आता उरलेली नाही. त्या काळी बेसबॉलचा ड्राफ्ट संपता संपत नसे. सतराव्या फेरीत 'पोरगं पळतंय चांगलं, बघू काय होतंय ते' म्हणून एखादा कच्चा खेळाडू घेणं कुठल्याही संघाला परवडायचं. २०१२ पासून फेऱ्या ४० झाल्या, २०२१ पासून फक्त २०. त्याच वर्षी मेजर लीगशी (सर्वोच्च व्यावसायिक लीग) जोडलेले मायनर लीगचे (तिच्या खालच्या पातळ्या) संघही १६०च्या आसपास होते ते १२० वर आणले. आज सतरावी फेरी म्हणजे यादीचं शेपूट. एवढ्या कमी जागा असताना एकदाच बॅटिंग केलेल्या मुलावर डाव लावायला कुठला स्काउटिंग प्रमुख तयार होईल? आणि लॉफ्टनलासुद्धा मेजर लीगपर्यंत पोचायला १९९१ चा सप्टेंबर उजाडला.

उलट बाजूची उदाहरणं कुणी फारशी काढत नाही. डॅनी एंज ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बास्केटबॉल खेळत असतानाच टोरोंटो ब्लू जेजकडून मेजर लीगमध्ये खेळत होता, कारण एका खेळात व्यावसायिक असूनही दुसऱ्या खेळात कॉलेजचा हौशी खेळाडू राहायला एनसीएएचा (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियम परवानगी देतो. १९७९ ते १९८१ मध्ये २११ सामने, सरासरी ०.२२०, होमरन दोन. १९८१ मध्ये त्याला कॉलेज बास्केटबॉलचा वुडन पुरस्कार मिळाला, मग तो बॉस्टन सेल्टिक्सकडे गेला आणि दोन अजिंक्यपदं जिंकला. त्याची निवड योग्यच होती, पण बेसबॉलमधले ते आकडे अर्ध्या वेळच्या बॅटरचे आहेत. मायकल जॉर्डनचं तर सगळ्यांना माहीत आहे. १९९४ मध्ये मायनर लीगमधल्या बर्मिंगहॅम बॅरन्सकडून १२७ सामने, सरासरी ०.२०२, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ११४. त्याच्याइतका खेळाडू शरीर आणि मेहनतीत कमी पडला असं कोण म्हणेल? शाळा सोडल्यापासून त्याने खरा पिचर पाहिलेला नव्हता, एवढंच.

पिचरची गोष्ट वेगळी. हाताचा वेग मोजता येतो आणि तो टिकतो. डावखुरा, सहा फूट नऊ इंचांचा मार्क हेंड्रिक्सन वॉशिंग्टन स्टेटमधून एनबीएत (व्यावसायिक बास्केटबॉल लीग) गेला, चार हंगाम खेळला, आणि मेजर लीगमध्ये पहिल्यांदा माउंडवर उभा राहिला तो २००२ मध्ये, २८ व्या वर्षी. त्याआधी बेसबॉलच्या संघांनी त्याला सहा वेळा ड्राफ्ट केलं होतं. पॅट कॉनाटनचा मार्ग आणखी शहाणपणाचा. नोत्र दाममध्ये तिसऱ्या वर्षानंतर, २०१४ मध्ये, बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला चौथ्या फेरीत घेतलं, सुमारे ४ लाख २८ हजार डॉलर बोनस दिला आणि शेवटचं वर्ष बास्केटबॉल खेळायला परत जाऊ दिलं. २०१५ मध्ये तो एनबीएच्या दुसऱ्या फेरीत, ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२१ मध्ये मिलवॉकी बक्ससोबत अजिंक्यपद जिंकला. त्याने बास्केटबॉल निवडला हे खरं. पण सहा फूट पाच इंच उंची आणि ४४ इंचांची उडी असूनही तो दुसऱ्या फेरीत गेला, हे सहा फूट तीन इंचांच्या गार्डने आपल्या भिंतीवर लिहून ठेवावं.

म्हणजे पिचरने निर्धास्तपणे दोन्ही खेळावं का? खेळता येईल, पण कोपर सांभाळून. बास्केटबॉल १० मार्चला संपला असं धरा. मुलगा दमदार असतो, फुप्फुसं तयार, पाय तयार, चार महिने हाताला विश्रांती. पाचव्या दिवशी माउंडवर उभा करा, रडार गन ९२ दाखवेल. सगळे खूश होतात, आणि धोका नेमका इथेच असतो. स्नायू लवकर तयार होतात, कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट (हाडं जोडणारा बंध) आणि खांद्याचे स्नायुबंध सावकाश. वेग आधी येतो, तो पेलायची ताकद नंतर. शिवाय बास्केटबॉलच्या दमसासामुळे मुलाला थकवाच जाणवत नाही, आणि थकवा हीच तर पिचरची धोक्याची घंटा.

म्हणून हात परत आणायला सहा आठवडे लागतात, आणि ते कापता येत नाहीत. पहिला आठवडा दिवसाआड सपाट जमिनीवर ६० ते ९० फुटांवरून फेक. दुसऱ्यात अंतर १२० फुटांपर्यंत, आणि एकदा कॅचर बसवून १५ फास्टबॉल. तिसऱ्यात माउंडवरून दोन बुलपेन (सामन्याबाहेरचा फेकीचा सराव), प्रत्येकी २०-२५ चेंडू, फास्टबॉल आणि चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू). चौथ्यात ३०-३५ चेंडू, आता कुठे स्लायडर, आणि शेवटी आपल्याच बॅटरसमोर एक इनिंग. पाचव्यात सामन्यात ३० चेंडू, सहाव्यात ४५. प्रत्येक हाताला हेच माप बसेल असं नाही, पण क्रम बदलू नये, आणि दुसऱ्या दिवशी कोपराच्या आत दुखलं तर पायरी पुन्हा करावी. हे सगळं होईपर्यंत २० एप्रिल उजाडतो आणि नेहमीचा हंगाम मेच्या मध्यावर संपतो. चार आठवडे हाती राहतात. शुक्रवार ते रविवारच्या मालिकेतल्या जागा तोवर भरलेल्या असतात, त्यामुळे वाट्याला मंगळवारचा सामना किंवा सातवी-आठवी इनिंग येते.

त्यात दिवसांची विश्रांतीही मोजावी लागते. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' सूचनांनुसार १९ ते २२ वयात ३१ ते ४५ चेंडूंनंतर एक दिवस, ४६ ते ६० नंतर दोन, ६१ ते ८० नंतर तीन, ८१ ते १०५ नंतर चार आणि त्यापुढे पाच दिवस हात बंद. उशिरा आलेला मुलगा आणि हंगाम वाचवायला निघालेला कोच एकत्र आले की पहिली काटछाट इथेच होते. लिगामेंट फाटला तर तो नव्याने बसवणारी टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे पिचरला परतायला १२ ते १८ महिने. ड्राफ्टचं वर्ष त्यातच संपतं.

दोन्ही करायचंच असेल तर उपाय एकच. बास्केटबॉलच्या हंगामातही आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं फेक चालू ठेवायची, तीही बास्केटबॉलच्या सरावाच्या आधी. नंतर नाही, कारण थकलेल्या पायांनी फेकलं की सगळा भार खांद्यावर येतो. त्याने सहातले दोन-तीन आठवडे वाचतात. याला बास्केटबॉल कोचची लेखी नाही तरी साक्षीदारासमोरची तयारी हवी. 'बघू, जमेल तसं' या उत्तराचा अर्थ जानेवारीत कळतो.

आणि दुखापती. बास्केटबॉलमध्ये दुसऱ्याच्या पायावर उतरून घोटा मुरगळणं ही रोजची गोष्ट, गार्ड दहा दिवसांत पट्टी बांधून परत खेळतो. तोच डावा घोटा उजव्या हाताच्या पिचरचा उतरायचा पाय असतो. तो पूर्ण टेकवायची भीती बसली की पाऊल आखूड पडतं, कंबर लवकर उघडते आणि हात मागे राहून ओढला जातो. तसंच बोटांचं. पास पकडताना तर्जनी किंवा मधलं बोट चेपलं जातं, सूज उतरते, पण सांधा महिनाभर जाड राहतो. बास्केटबॉलला त्याने फरक पडत नाही. स्लायडरची शिवण त्याच दोन बोटांत धरायची असते.

बास्केटबॉलच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे: वेगवेगळे खेळ खेळल्याने एकाच सांध्यावर सतत भार पडत नाही, पायांची चपळाई वाढते, नजर विस्तारते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि त्या वयात केवळ बेसबॉलला जुंपणाऱ्या पालकांना हे ओरडून सांगायला हवं. पण विसाव्या वर्षी प्रश्न घडणीचा राहत नाही, तो वेळेचा होतो. चार वर्षांच्या कॉलेजातला मुलगा ड्राफ्टला पात्र होतो तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर. त्या वर्षी त्याच्या हातात 'नाही पटलं तर परत कॉलेजला जाईन' हे शस्त्र असतं, म्हणून बोनस चांगला मिळतो. चौथ्या वर्षानंतर ते शस्त्र जातं आणि मिळेल ते घ्यावं लागतं. तिसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी-मार्च म्हणजे स्काउट याद्या बनवतात ते आठवडे, आणि आपला मुलगा तेव्हा बास्केटबॉलच्या प्रवासात असतो.

दारं किती उघडी आहेत याचाही ढोबळ हिशेब करून पाहावा. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल संघ ३६०च्या आसपास, प्रत्येकी १५ धरले तर ५,४०० खेळाडू. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये जास्तीत जास्त ६० जागा, त्यातल्या काही परदेशी मुलांना. बेसबॉलचे संघ ३००च्या आसपास, प्रत्येकी ३४ म्हणजे दहा हजारांवर खेळाडू, आणि ड्राफ्टमध्ये सहाशेच्या वर जागा, त्यातल्या काही हायस्कूलच्या मुलांना. एकीकडे नव्वदांत एक, दुसरीकडे सतरांत एक. उंचीचा भाग वेगळाच: एनबीएत सरासरी सहा फूट सहा इंचांच्या आसपास आहे, तर बेसबॉलमध्ये पाच फूट सहा इंचांचा होसे आल्टुवे २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मायनर लीगला मात्र कुणी सोन्याची खाण समजू नये. २०२३ च्या करारानुसार लो-ए या खालच्या पातळीवर वर्षाला २६,२०० डॉलर, ट्रिपल-ए या सर्वात वरच्या पातळीला ३५,८००. राहण्याची सोय क्लब करतो, बाकी रात्रभराचे बसप्रवास आणि गॅस स्टेशनवरचं जेवण. ड्राफ्ट झालेले बहुतेक मुलगे मेजर लीगचं मैदान कधी पाहत नाहीत. पोचला तर २०२६ मध्ये किमान पगार ७ लाख ८० हजार, आणि मोकळ्या बाजारात जायला सहा वर्षांची सेवा लागते.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा, म्हणजे पैसा. माझ्या म्हणण्याला खरा धक्का इथे बसतो. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पुष्कळ मोठ्या विद्यापीठांनी डोळ्यांसमोर ठेवलेलं वाटप असं: अमेरिकन फुटबॉलला ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉलला १५, महिला बास्केटबॉलला ५, बाकी सगळ्या खेळांना मिळून ५. गणित करा. बास्केटबॉलच्या वाट्याला सुमारे ३० लाख, १५ जणांत सरासरी दोन लाख. बाकीच्यांचे दहा लाख सगळे बेसबॉललाच दिले, जे कुणी देत नाही, तरी ३४ जणांत माणशी तीस हजार. सुरुवातीच्या पाचात खेळणाऱ्या गार्डला बेसबॉलसाठी हे सोडायला सांगणं सोपं नाही, आणि मीही सांगणार नाही. दोन लाख खरोखर करारात लिहिलेले असतील तर पिचरने एक वर्ष ते घ्यावेत, हात चालू ठेवावा. बॅटरने घेतले तर निदान तो त्या पैशांत काय विकतोय हे त्याला माहीत असावं. पण सरासरी फसवी असते. दोन लाखांच्या सरासरीत पहिल्या तिघांना बरंच जातं आणि आठ मिनिटं खेळणाऱ्या नवव्या गार्डच्या हाती मोबाईलचं बिल भरण्याइतकं उरतं. दुहेरी खेळाडू बहुधा हाच नववा गार्ड असतो.

याच तडजोडीने आणखी एक गोष्ट बदलली आणि तिची चर्चा कमी होते. पूर्वी बेसबॉल संघाला अवघ्या ११.७ शिष्यवृत्त्या होत्या, त्या २७ जणांपर्यंत तुकड्यांत वाटल्या जायच्या. बास्केटबॉलला पूर्ण १३. दोन्ही खेळणाऱ्याची शिष्यवृत्ती नियमाप्रमाणे बास्केटबॉलच्या खात्यात मोजली जायची, त्यामुळे बेसबॉल कोचला तो फुकटात मिळायचा. मार्चमध्ये आला काय आणि एप्रिलमध्ये आला काय, कोचचं काहीच जात नव्हतं. आता तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराला मर्यादा आली: बेसबॉलला ३४, बास्केटबॉलला १५. त्या ३४ पैकी किमान पंधरा-सोळा पिचर लागतात. अशा वेळी फॉल बॉलला नसलेला, हंगामाचा तिसरा हिस्सा चुकवणारा मुलगा ठेवायला कोच का तयार होईल? 'दोन्ही खेळ, काही हरकत नाही' म्हणणारे बेसबॉल कोच आता कमी होत जाणार.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरात हा विषय निघाला, तर आई-बाबांचा पहिला प्रश्न पदवीचं काय, हाच असणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बेसबॉलच्या बाजूने आहे. ड्राफ्टनंतर सही करताना राहिलेल्या सेमिस्टरची फी संघाने भरावी अशी तरतूद करारात घालून घेता येते. ती आपोआप मिळत नाही, सहीच्या वेळी मागून रकमेसकट लिहून घ्यावी लागते, आणि बेसबॉल सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. त्याच करारात क्लबच्या लेखी परवानगीशिवाय बास्केटबॉल खेळायला बंदी असते. कॉनाटनसारखं परत जायचं असेल तर तेही सहीच्या आधीच बोलावं लागतं.

शिष्यवृत्तीचा सापळाही ध्यानात असू द्या. मुलगा बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर असेल आणि त्याने स्वतःहून बास्केटबॉल सोडला, तर विद्यापीठ ती रद्द करू शकतं. म्हणून आधी बेसबॉल कोचकडून पुढच्या वर्षाची मदत लेखी घ्यावी आणि मगच बास्केटबॉल कोचच्या केबिनमध्ये जावं. हा क्रम उलटा केला की ऑगस्टमध्ये घरी फीचं बिल येतं. वेळही महत्त्वाची. बास्केटबॉल कोच नव्या गार्डची शोधाशोध हंगाम संपल्या संपल्या सुरू करतात, कारण खेळाडू विद्यापीठं बदलतात तो काळ तेव्हाच असतो. पहिल्या वर्षाच्या एप्रिलमध्ये सांगितलं तर कोच रागावेल, पण दुसरा गार्ड आणेल. सप्टेंबरमध्ये, सराव सुरू व्हायच्या आठवड्यात सांगितलं, तर त्याच्याकडे १५ पैकी एक जागा रिकामी राहते आणि तो राग पुढची दोन वर्षं त्याच जिममध्ये वजनं उचलताना भेटत राहतो.